नौपाड्यात छापून घेतलेली नदी

ठाण्याच्या नौपाड्यात गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, पोळीभाजी केंद्राला लागून, प्लॉटर प्रिंटचं एक दुकान आहे. बाहेर पाटी नुसती झेरॉक्सची, त्यामुळे आत छत्तीस इंची रोल चालणारं यंत्र असेल असं वाटत नाही. जुलैत मी तिथे दोन मोठे नकाशे छापून घेतले. दोन्ही एकाच नदीचे, फिनलंडमधल्या ओउलांका नदीचे. पहिल्या खेपेला काम बिघडलं, दुसऱ्या खेपेला उत्तम झालं. दोन्ही सविस्तर लिहिते, कारण नकाशा छापून घेणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल.

मी एकतीस वर्षं ठाण्यातल्या मराठी शाळेत भूगोल शिकवला. नदीचं कार्य हा धडा आला की फळ्यावर दरवर्षी एकच नदी काढायची. निळ्या खडूने प्रवाह, तपकिरी खडूने डोंगर. वर उगम, मग घळई, धबधबा, मग नागमोडी वळणं, त्यातलं एक तुटून झालेलं नालाकृती सरोवर, शेवटी त्रिभुज प्रदेश. दर वर्षी एखादं मूल विचारायचंच, "बाई, ही कुठली नदी?" मी सांगायचे, "कुठलीही." हे उत्तर मला स्वतःलाच कधी पटलं नाही. उल्हास आपल्या दाराची नदी. राजमाचीच्या परिसरात उगम पावून वसईच्या खाडीला मिळते. तिचं उदाहरण मी द्यायचेच. पण तिच्या खालच्या काठावर वस्ती, कारखाने, रेतीचा उपसा इतका झाला की पाण्याने स्वतः काय केलं आणि माणसाने काय केलं हे मुलांना वेगळं करून दाखवणं कठीण जायचं.

गेल्या सप्टेंबरात ओउलूला भाचीकडे गेले होते. तिने दोनशे किलोमीटरहून जास्त गाडी चालवून मला कुउसामोला नेलं आणि तिथून ओउलांका राष्ट्रीय उद्यानात. हे उद्यान १९५६ सालचं. आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला, रशियाच्या सरहद्दीला टेकलेलं. माहिती केंद्रापासून पाइन आणि स्प्रूसच्या झाडांतून थोडं चाललं की किउताक्योन्गास येतं. सहाशे मीटरच्या अंतरात नदी चौदा मीटर उतरते, कातळाच्या पायऱ्यांवरून. काठाला डोलोमाइटचा तांबूस कडा आहे. दलदलींतून आलेलं पाणी किंचित तपकिरी, फेस मात्र पांढराशुभ्र. बर्चची पानं पिवळी होऊन गळत होती. मी तिथे तासभर उभी होते. भाची म्हणाली, "मावशी, खाली ही नदी एकदम शांत होते, लोक होडी वल्हवत दिवसभर वळणांतून जातात." होडीत बसणं माझ्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. अख्ख्या नदीतला जेमतेम एक किलोमीटर पाहून मी परत आले, आणि उरलेली नदी नकाशावर पाहायची असं ठरवलं.

म्हणजे आधी नकाशा मिळवायचा. फिनलंडचं भूमापन खातं १८१२ सालचं. आपलं सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ चं, म्हणजे आपण थोरले. पण त्यांनी २०१२ साली एक मोठी गोष्ट केली: देशाचे भूरूप नकाशे सगळ्या जगाला फुकट खुले केले. कार्त्तापाइक्का नावाचं त्यांचं संकेतस्थळ आहे. घरी बसून कुठलीही टेकडी, कुठलंही तळं उघडून बघता येतं. नोंदणी नाही, पैसे नाहीत. मी रात्री जेवण झाल्यावर तासन्‌तास त्यात असायचे. मात्र भिंतीवर लावण्याइतका मोठा तुकडा एकदम उतरवता येईना. भाचीने वेगवेगळी नकाशापत्रकं मागवून, जोडून, दोन पीडीएफ करून पाठवले. एकात फिनलंडमधला पूर्ण प्रवाह, प्रमाण १:५०,०००. दुसऱ्यात किउताक्योन्गासच्या खालचा वळणावळणाचा भाग, प्रमाण १:२५,०००. तो पेनड्राइव्ह पिशवीत टाकून मी पाचपाखाडीहून नौपाड्यात गेले.

दुकानात एक तरुण मुलगा असतो आणि गल्ल्यावर त्याचे वडील. मुलाने फाइल उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, हे जमिनीचं काम आहे का?" जमिनीचं म्हणजे सातबारा, मोजणी, कोर्टकचेरी. त्याच्याकडे नकाशे घेऊन येणारी माणसं म्हणजे आर्किटेक्ट, कंत्राटदार, नाहीतर वाटणीचा वाद असलेली कुटुंबं. मी म्हटलं, "नाही रे, नदी बघायची आहे." त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग यात रंग नीट यायला पाहिजेत." मला तिथेच तो आवडला.

कागद निवडताना त्याने घाई केली नाही. साधा नव्वद जीएसएमचा बाँड, जरा जाड मॅट आणि चकचकीत फोटो पेपर, असे तिन्ही हातात दिले. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची रेघ पडते आणि नेमक्या त्या जागचं काही वाचता येत नाही, हे त्याने स्वतः दाखवलं. मी मॅट घेतला. लहान नकाशा ए-वन आकाराचा, मोठा रोलवर. दोन्हींचे मिळून सहाशे वीस रुपये झाले. पावसात न्यायचं म्हणून त्याने गुंडाळी प्लास्टिकच्या नळीत घालून दिली, नळीचे वेगळे चाळीस. नळी परत आणून दिली तर चाळीस परत.

घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि दोरा काढला. दोऱ्याने नदीची लांबी मोजणं हा माझ्या वर्गातला कायमचा प्रयोग. शिवणाचा दोरा ओला करायचा, म्हणजे तो कागदाला चिकटून वळतो, आणि नदीच्या निळ्या रेघेवर वळणासरशी बसवत न्यायचा. मग सरळ करून पट्टीवर मोजायचा. किउताक्योन्गासच्या खालून याकालामुत्कापर्यंतचा होडीमार्ग सुमारे पंचवीस किलोमीटरचा आहे. १:२५,००० म्हणजे चार सेंटीमीटरला एक किलोमीटर, तेव्हा दोरा शंभर सेंटीमीटरच्या आसपास भरायला हवा. दोरा वळणांचे कोपरे थोडे खातो, एखाददोन सेंटीमीटर कमी येणारच. माझा आला ९१.

पहिल्यांदा वाटलं, माझे हात आता थरथरतात, त्यामुळे असेल. पुन्हा मोजलं, पुन्हा ९१. मग नकाशाच्या खालच्या प्रमाणपट्टीवर पट्टी ठेवली. एक किलोमीटरची खूण चार सेंटीमीटर हवी होती, ती ३.७ होती. नकाशा आक्रसून छापला गेला होता.

दुसऱ्या दिवशी नकाशा, दोरा आणि पट्टी घेऊन दुकानात गेले. गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "ताई, एवढ्याने काय फरक पडतो, चित्र तर छान आलंय." मला वाईट वाटलं, कारण चित्र खरंच छान आलं होतं. पण मुलगा उठून पुढे आला. त्याला मी प्रमाणपट्टी मोजून दाखवली. त्याने स्क्रीनवर पाहिलं आणि लगेच म्हणाला, "फिट टू पेज राहिलं होतं. चूक माझी." प्लॉटर कागदाच्या कडेला थोडी जागा सोडतो. फाइल कागदाएवढीच असली की ती कडा मोकळी ठेवायला यंत्र सगळं चित्र लहान करून घेतं, आणि आपल्याला कळतही नाही. त्याने आकार शंभर टक्क्यांवर ठेवला, कागद रोलवर घेतला म्हणजे कडेला जागा राहील, आणि दोन्ही नकाशे पुन्हा छापले. एक रुपया जास्त घेतला नाही. वडिलांनीही मग काही म्हटलं नाही, उलट पट्टी धरून स्वतः मोजलं. या वेळी दोरा आला ९८. म्हणजे साडेचोवीस किलोमीटर. दोऱ्याने मोजलेल्या नदीसाठी याहून चांगलं उत्तर मी कधी पाहिलेलं नाही.

हे एवढं लांबण लावून सांगितलं, कारण प्रमाण चुकलेला नकाशा दिसायला सुंदर असला तरी तो नकाशा राहत नाही. त्यावरून कुणी अंतर मोजू शकत नाही. ही गोष्ट ज्या दुकानदाराला पाच मिनिटांत समजते आणि जो ती आपल्या खर्चाने दुरुस्त करतो, त्याच्याकडे आपण बिनधास्त जावं.

आता छपाईबद्दल, म्हणजे नदीबद्दलच. आपल्या टोपोशीटवर, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या भूरूप नकाशापत्रकावर, जंगल हिरवं असतं. फिनलंडच्या नकाशावर जंगल पांढरं असतं, कोरं सोडलेलं. तिथे जमिनीचा बहुतेक भाग जंगलच, मग रंगवायचं ते बाकीचं: शेत पिवळं, पाणी निळं, दलदलीवर आडव्या निळ्या बारीक रेघा. त्यामुळे ओउलांकाचा नकाशा पहिल्या नजरेला रिकामा वाटतो. नीट पाहिलं की त्या रिकाम्या जागेत समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची, जाळी दिसायला लागते. आपल्याकडे १:५०,००० च्या पत्रकावर समोच्च रेषांतलं अंतर वीस मीटर, त्यांच्या मूळ नकाशात पाच मीटर. पाच मीटरची रेषा म्हणजे नदीकाठची साधी दरडसुद्धा कागदावर उमटते. इतक्या बारीक तपकिरी रेघा नौपाड्यातल्या प्लॉटरवर तुटतील अशी माझी धास्ती होती. एकही तुटलेली नाही. तपकिरी रंग मात्र मूळ फाइलपेक्षा फिका आला आहे. म्हाताऱ्या डोळ्यांना संध्याकाळी तो दिसत नाही. ही एक उणीव आहे, आणि पुढच्या वेळी मी रंग गडद करून मागणार आहे.

मोठ्या नकाशावर नदी वरून सुरू होते, साल्ला तालुक्यातल्या दलदलींत. उगमाचा एक ठिपका दाखवता येत नाही, आडव्या निळ्या रेघांतून हळूहळू एक निळी रेघ वेगळी होते. मुलांना उगम म्हटलं की झरा, गोमुख, कुंड एवढंच डोळ्यासमोर येतं. स्पंजासारख्या ओल्या जमिनीतून नदी पाझरून निघते हे मी तोंडी सांगायचे, दाखवायला काही नव्हतं. तिथून ती साधारण दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे उतरते. साविलाम्पी नावाच्या तळ्याजवळ तपकिरी रेघा एकदम एकमेकींना चिकटतात. ही घळई. साविनायोकी ही उपनदी इथेच येऊन मिळते. फिनिश भाषेत योकी म्हणजे नदी, लाम्पी म्हणजे लहान तळं, क्योन्गास म्हणजे मोठी उतरण किंवा धबधबा, वारा म्हणजे झाडांनी झाकलेली टेकडी, मुत्का म्हणजे वळण. एवढे पाच शब्द कळले की निम्मा नकाशा वाचता येतो. आपल्याकडे नावात पाडा, खिंड, कोंड, डोह आला की जागा कळते, तसंच.

घळईनंतर तायवालक्योन्गास, मग किउताक्योन्गास. मी तासभर उभी होते ती जागा कागदावर नखाएवढी आहे. आणि तिच्या खाली नदीचा स्वभावच बदलतो. इथे माझा दुसरा नकाशा सुरू होतो, १:२५,००० चा, आणि त्याच्यावर मी किती दुपारी घालवल्या ते सांगत नाही.

हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाने या दरीत वाळू आणून भरली. त्या मऊ वाळूत नदी आता मोकळेपणी वळते. बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त, म्हणून तिथे काठ कोरला जातो आणि वाळूची उंच दरड तयार होते. आतल्या बाजूला वेग कमी, तिथे वाळू साचून पुळण होते. नकाशावर बाहेरच्या वळणाला समोच्च रेषा दाटलेल्या आणि आत मोकळी जागा, असं एकामागून एक दिसतं. वळण वाढत वाढत त्याची मान बारीक होते, एखाद्या पुरात मान तुटते, नदी सरळ जाते आणि जुनं वळण नालाच्या आकाराचं तळं होऊन बाजूला पडतं. अशी तळी या नकाशावर नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत. काही अजून निळी, काही भरत आलेली, त्यांच्यावर दलदलीच्या रेघा. एका धड्यातल्या सगळ्या पायऱ्या एकाच कागदावर. मी एकतीस वर्षं खडूने काढलेली नदी प्रत्यक्षात आहे, तिला नाव आहे, आणि ती आता माझ्या भिंतीवर आहे.

पूर इथे पावसाने येत नाही. सहा-सात महिने साचलेलं बर्फ मे महिन्यात वितळतं आणि पाणी काठ ओलांडून पसरतं. या पूरकाठच्या गवताळ पट्ट्यांवर पूर्वी लोक गुरांसाठी आणि रेनडिअरसाठी गवत कापायला यायचे. गवत ठेवायची लाकडी कोठारं अजून काही ठिकाणी उभी आहेत, आणि ते पट्टे रानाने भरून जाऊ नयेत म्हणून अजूनही कापले जातात. ठाणे जिल्ह्यातली गवताची पेंढी आणि मांडव पाहिलेल्या माणसाला हे ऐकून लांबचं वाटत नाही.

सरहद्दीजवळ दक्षिणेकडून कित्कायोकी येऊन मिळते. तिच्यावर युराव्हा नावाचा नऊ मीटरचा धबधबा आहे. खालच्या तळ्यांत मोठा होणारा ट्राउट मासा अंडी घालायला नदीतून वर चढतो, पण युराव्हा त्याला ओलांडता येत नाही. हा धबधबा माझ्या नकाशाच्या कडेला अर्धा कापला गेला आहे. दोष दुकानाचा नाही, आम्ही चौकट चुकीची धरली.

आणि मग सरहद्द. नदी रशियात जाते, पानायार्वी नावाच्या लांबट, अरुंद, १२८ मीटर खोल तळ्यात उतरते. हा प्रदेश एकेकाळी फिनलंडचाच होता, युद्धानंतर सोव्हिएत संघाकडे गेला. १९९२ पासून रशियाने तिथेही राष्ट्रीय उद्यान केलं आहे. तळ्यातून पाणी पुढे ओलांगा नावाने प्याओझेरो तळ्यात आणि तिथून कोव्दा नदीमार्गे श्वेत समुद्राला मिळतं. त्याच कुउसामोच्या भागात उगम पावणारी ईयोकी मात्र पश्चिमेला बोथनियाच्या आखाताकडे जाते. लोणावळ्याला पडलेल्या पावसाचं असंच होतं: थोडं पाणी इंद्रायणीतून बंगालच्या उपसागराला, थोडं उल्हासमधून अरबी समुद्राला. फिनलंडच्या नकाशातला बारीक तपशील सरहद्दीला संपतो. माझ्या कागदावर त्यापलीकडे मोठी कोरी जागा राहिली होती. दुकानातल्या मुलाने ती कापून टाकू का विचारलं. मी ठेव म्हटलं, आणि घरी पेन्सिलीने पुढचा मार्ग काढला. नदी तिथे थांबत नाही हे कागदावर दिसायला हवं.

हे सगळं करताना सारखं मनात येत होतं की आपल्या नद्यांचं काय. सर्व्हे ऑफ इंडियाने २०१७ साली नक्शे नावाच्या संकेतस्थळावर १:५०,००० ची पत्रकं फुकट उतरवून घ्यायला दिली, तेव्हा आधार क्रमांक देऊन. मी नोकरीत होते तेव्हा एक टोपोशीट मिळवायला किती खेटे घालावे लागायचे ते आठवतं. आता ती सोय असूनही किती शिक्षक वापरतात? नौपाड्यातल्या मुलाने सांगितलं, त्याच्याकडे असं पत्रक छापायला कुणीच आलं नाही आजवर. मला हे मनापासून खटकलं. पाचशे-सहाशे रुपयांत शाळेच्या भूगोल दालनात खरी नदी टांगता येते, आणि आपण अजून मुलांना कुठलीही नदी दाखवतो आहोत. उल्हासची पत्रकं मी उतरवून ठेवली आहेत, उगमापासून खाडीपर्यंत. श्रावणात छापायला देणार आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. दुकान रविवारी बंद, दुपारी दीड ते चार बंद. कॉलेजांची सबमिशन असतात त्या आठवड्यांत आर्किटेक्चरची मुलं रांग लावून असतात, तेव्हा मोठं काम नेऊ नका. फाइल पीडीएफमध्येच न्या, व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवली तर चित्र लहान होऊन बारीक रेघा जातात. प्रमाणपट्टी नकाशातच ठेवा आणि पैसे देण्याआधी दुकानातल्या दुकानात पट्टीने मोजा, आता तिथल्या टेबलावर स्टीलची पट्टी ठेवलेली असते. लॅमिनेशन करून देतात, पण मॅट सांगा. पावसाळ्यात लॅमिनेशन न केलेला कागद भिंतीला लावलात तर कडा दोन दिवसांत वळतात, माझ्या मोठ्या नकाशाची साल्लाकडची कड वळलीच आहे.